दोन्ही बाजू सुलट

कापड एकशे आठ इंच पन्ह्याचं.
लौरीनं दुकानाच्या काउंटरवर गठ्ठा उलगडला,
उलगडतच राहिली.
मी विचारलं, जोड कुठंय?
"जोडच नाही, इद्वल. पलंगाएवढं एकच पान."

चाळीस वर्षं मी मेंढ्या कातरल्या.
चांगल्या हाताची खूण एकच :
लोकर अंगावरून एकसंध उतरली पाहिजे,
बाईनं खांद्यावरची शाल काढून ठेवावी तशी.
म्हणून हेलवेन धडधाकट कापडाचे तुकडे करायची
आणि तेच तुकडे पुन्हा जोडत बसायची
तेव्हा मला हसू यायचं.
तिच्या षटकोनांचा डबा अजून जिन्याखाली आहे.
दोनशे अकरा.
मोजले, आणि झाकण लावलं.

गोधडी नेस्टसाठी.
सहा फुटी पोरगी, ॲबरिस्टविथच्या इस्पितळात रात्रपाळीला;
अंथरूण पाहून पाय पसरायचे म्हटलं
तर गुडघे हनुवटीला लागतील तिचे.
दिवसा झोपते, म्हणून एक बाजू गर्द निळी.
पाळी बदलली की माणसांसारखी रात्री झोपते,
त्या आठवड्यासाठी मोहरीपिवळी.

चॅपलच्या मागच्या खोलीत
टेबल-टेनिसची टेबलं भिंतीशी सारली, फरशी पुसली.
निळं पालथं घातलं,
काठ ताणून चिकटपट्टीनं जमिनीला धरले.
त्यावर लोकरीचा थर. त्यावर पिवळं.
मग गुडघ्यांवर रांगत
मधून कडेकडे तळहातानं सुरकुत्या हाकल्या,
जशा मेंढ्या फाटकाकडे हाकाव्यात.
एखादी मागे वळतेच.
तिच्यासाठी परत मधे जायचं.
वीतभर अंतरानं सेफ्टी पिना. तीनशे.
रात्री बोटांना जेवणाचा काटा धरवेना.

लौरीचं मशीन उसनं.
वर पिवळा दोरा, बॉबिनमध्ये निळा.
"ताण बघ," ती म्हणाली. "वरचा जास्त ओढला
तर खालचा निळा ठिपका पिवळ्यात डोकावतो.
दोघांनी मधे भेटायचं,
लोकरीत, कुणाला न दिसता."
बत्तीस वर्षांच्या संसारात
ताण माझाच जास्त होता, म्हणजे.
तिचा दोरा सारखा माझ्या बाजूला यायचा.
हे मी लौरीला बोललो नाही.
तिनं बटण अर्धा आकडा मागे फिरवलं.

चार-चार बोटांवर सरळ ओळी.
मधली आधी, मग उजवी, मग डावी.
कारागिरी म्हणावी असं काही नाही,
शेतात काकऱ्या ओढतात तेवढंच.
अकरावी संपता संपता फोन :
गेथिनची मेंढी अडली होती.
पहाटे तीनला परत आलो, दोनदा हात धुतले,
संपलेला दोरा पुन्हा ओवला
आणि बारावी मारली.
ओवताना एक आकडी चुकली होती.
पिवळी बाजू वर, ती छान दिसत होती.
सकाळी गोधडी उलटली
तर निळ्यावर या काठापासून त्या काठापर्यंत
पिवळे फास, बारीक, गाठीगाठींचे.

"उसव," लौरी म्हणाली.
वीतभर उसवलं.
मग तेवढंच पुन्हा शिवलं, नीट,
आणि बाकीची ओळ तशीच राहू दिली.
निळ्याचा जास्तीचा काठ
दुमडून पिवळ्यावर घेतला, हातानं टाचला.
कोपरे चार. तीन बरे आले.

नेस्टनं दारातच घडी मोडली.
"सुलट बाजू कुठली?"
वर असेल ती, म्हटलं.
तिनं निळ्यावरून हात फिरवला,
जखम तपासतात तसा,
आणि बाराव्या ओळीवर थांबली.
"इथं काय झालं, बाबा?"
कोकरू झालं, म्हटलं.
ती हसली नाही. हात तिथंच ठेवून विचारलं,
"जगलं का?"