डाग

माझ्या डाव्या मनगटावर एक डाग आहे, चार आण्याएवढा.
सहा वर्षांची असताना कावीळ झाली,
तेव्हा औरादच्या एका माणसानं
सुई तापवून, बिब्ब्यात बुडवून दिलेला.
कावीळ आपली आपण गेली असेल.
डाग राहिला.

व्यंकट माझ्यापाठचा.
त्याच्या काळजातली खोड विम्याच्या तपासणीत सापडली.
त्याला स्वतःला पत्ताच नव्हता,
गुळाच्या आडतीवर पान चघळत बसला होता.
कागदावरची रेघ वेडीवाकडी आली
आणि दीड महिन्यात
सगळ्यांनी मिळून त्याला हैदराबादला नेलं.

मला पत्ता होता.
लातूरच्या डाळ मिलमध्ये पंचवीस वर्षं निवडायला बसले,
पत्र्यावर तूर सांडल्याचा आवाज मला झोपेतही कळतो:
एक दाणा, मग दोन लगोलग, मग काहीच नाही,
मग ओंजळभर एकदम.
तोच आवाज छातीत.
उशीवर कान टेकला
की कुणीतरी पोतं उसवलेलं.

सांगितलं.
एक डॉक्टर म्हणाला, पाळी जाताना होतं असं.
एक म्हणाला, गॅस.
एकानं नवऱ्याला विचारलं, घरात काही टेन्शन?
नवरा म्हणाला, नाही बा.
मी तिथंच स्टुलावर बसले होते.
पुढच्याकडे गेले तर ठोके अगदी शहाणे,
पाहुणे आल्यावर पोरं बसतात तसे.
रेघ नीट आली. गोळी दिली.
मग तीच गोळी दोनदा. मग दुसरी.
अशी पाच वर्षं.

एका सकाळी हातातलं सूप गळून पडलं
आणि सूप हा शब्द मला अर्धा तास सापडला नाही.

तेव्हा कुठं बार्शी रोडच्या दवाखान्यात पोचले.
डॉक्टर नुजहत काझी, माझ्या पोरीच्या वयाची.
तिनं पाकिटाच्या पाठीवर काळीज काढलं,
फुफ्फुसाकडून येणाऱ्या चार शिरा काढल्या,
त्यांच्या तोंडाभोवती पेनानं गोल गिरवले.
जांघेतून तार नेऊन इथं जाळायचं, म्हणाली,
जळल्या जागेवरून वीज पलीकडं जात नाही.
म्हणजे डागणीच की, मी म्हणाले,
आणि मनगट पुढं केलं.
ती हसली. मग हसणं थांबवून
एकेक करून सगळं सांगितलं:
बाया आमच्याकडं उशिरा येतात,
तोवर आतली भिंत आपसूक निबर झालेली असते,
म्हणून परत उलटायची भीती जास्त.
जांघेतून रक्त जायचीही.
बाईचं काळीज वेगळं असतं का, मी विचारलं.
थोडं. किती ते नीट मोजलेलं नाही,
मोजायला घेतले ते बहुतेक पुरुषच होते.

कागदावर सही मी केली.
काउंटरवरच्या पोरानं दोनदा विचारलं, घरचं कुणी?

आत लई गार होतं.
अर्धवट गुंगीत मला बिब्ब्याचा वास आला,
तो तिथं असायचं काही कारण नव्हतं.

मांडी गुडघ्यापर्यंत वांग्यागत काळीनिळी झाली.
व्यंकटचा फोन: अगं मी तिसऱ्या दिवशी आडतीवर होतो!
मी म्हणाले, हो रे बाबा, तू होतास.

तीन महिने ठोक्यांचं काही मनावर घ्यायचं नाही,
असं काझीबाईनं बजावलंय.
रात्री ऐकते. एक. एक. एक.
मधेच दोन लगोलग.
मनावर घेत नाही. घेते.

काल मिलवर गेले होते, पगाराचं राहिलेलं आणायला.
सोजर चाळणीजवळ उभी, हात छातीवर, पदराखाली.
काय व्हायलंय, विचारलं.
काही नाही, म्हणाली, दाणे सांडल्यागत व्हायलंय.
मी तिच्या हातातलं सूप काढून घेतलं.
चल म्हणाले, आत्ताच.
आन् तिथं गेल्यावर नीटच चाललं तर?
तर बसून राहू, म्हणाले, डबा घे संगं.