शेपूचा कोड

सोहारच्या हायपरमार्केटात मी भाजी तोलतो.
काटा, पिशवी, कोड, चिकटपट्टी.
छातीवर बिल्ला: खोत.
फिलिपिनो पोरी वाचतात, कोट.
बाहेर सत्तेचाळीस डिग्री, आत मी कोट.

ती पहिल्यांदा आली तेव्हा ऑगस्ट होता.
लिथुआनिया, म्हणाली. मी मान हलवली,
सगळ्याच देशांना हलवतो तशी.
पाऊण तास रिकामी ट्रॉली घेऊन
अंगठ्याने पाव दाबत फिरली.
पाव दबायचा, आणि
काही झालंच नाही असा वर यायचा.
"आमच्याकडचा काळा असतो," ती म्हणाली,
"आणि उलटून बोलतो."

मग फोनवरचं चित्र: तपकिरी, तिकोनी दाणे.
मी तिला उपासाच्या शेल्फापाशी नेलं.
राजगिरा, वरई, खालच्या फळीवर कुट्टूचं पीठ.
दाणे नाहीत, पीठ आहे.
तिने पुडा फिरवून पाहिला,
वरच्या देवीवर बोट ठेवलं. "ही कोण?"
म्हटलं, "ब्रँड."

पुढच्या आठवड्यात तिने क्रापाई मागितलं.
मला वाटलं, शिवी असेल.
तिने हवेत बोटांनी काढून दाखवलं:
हिरवं, पिसासारखं,
आणि रिकामी चिमूट नाकाशी नेली.
त्या चिमटीवरून कळलं मला.
अरबीत शिबित. आपल्यात शेपू.
कोड तीनशे सतरा.
जो ताटाच्या कडेला सारला म्हणून मी मार खाल्ला,
नाक दाबून पाण्याबरोबर गिळला,
त्याच्या दोन जुड्या छातीशी धरून
ही बाई डोळे मिटून उभी
आणि रांगेत मागे इराणी म्हातारा खोकतोय.

शेपूचा ट्रक गुरुवारी येतो. तीही गुरुवारी.
कार्डावर नाव दांगुओले; मी मॅडम म्हणायचो,
ती म्हणायची, कोट.
नवरा बंदरात, क्रेनचं काहीतरी.
तिचा व्हिसा नवऱ्याच्या नावावर, माझा दुकानाच्या,
तेवढंच सारखं. बाकी काट्यावर दिसायचं:
पाव किलो चेरी, दोन रियाल नऊशे बैसा,
आणि माझ्या डोक्यात
नको असताना होणारा गुणाकार.
कधी कधी तीही चार चेऱ्या मोजून परत ठेवायची.
का, ते विचारलं नाही.

एकदा काट्यापाशीच कृती सांगितली तिने.
बीट उकडून किसायचं, काकडी, अंडं,
मूठभर शेपू, वर केफिर.
"इथे लबन घालते." म्हणजे आपलं ताक.
बर्फासारखं गार. सोबत वाफाळते बटाटे.

शुक्रवारी खोलीवर मी पातेलंभर केलं.
दिलावर म्हणाला, रंगपंचमी कुठे आहे?
इस्लामपूरच्या बाबरने वास घेतला
आणि उठून दार उघडलं.
त्या रात्री कंप्रेसर बसला होता.
दोन वाजता बघतो तर पातेलं रिकामं.
चांगलं झालंय असं कुणी म्हटलं नाही,
फक्त दोन दिवस तिघांचीही बोटं गुलाबी.

तिला सांगितलं तर इतकी हसली
की सिक्युरिटीवाला डोकावला.
मग एकदम गंभीर: "अंडं कसं कापलंस?"
बारीक, म्हटलं.
"चूक. अर्धं. फक्त अर्धं करायचं."

मार्चमध्ये ती ट्रॉलीशिवाय आली.
हातात कुट्टूचा अर्धा पुडा,
रबर लावलेला, देवी बाहेरच्या अंगाला.
"क्रेन संपल्या," म्हणाली. "हे तुला."
आणि माझ्या बिल्ल्याकडे बघून:
"तिकडे अजून बर्फ आहे.
आता मला लागेल तो."
मला कळायला दोन गिऱ्हाइकं गेली.

गुरुवारी ट्रक आला.
हाताने आपणहून दोन जुड्या
काट्याखाली सारल्या, ओल्या कागदात.
दुपारी इराणी म्हातारा आला,
टोपली चाळवली, खोकला,
सवयीने मागे वळून पाहिलं.
मग हळूच विचारलं,
"आज उरलाय?"