पासंग

दहीपुलाच्या उताराला माझं दुकान. दुकान म्हणजे दीड फळी
आणि एक खिळा. त्याला तराजू टांगून
मी रिकामा बघतो.
तराजू आधी रिकामाच बघायचा असतो,
भरल्यावर सगळेच खरे वाटतात.

वडील सांगायचे, दोन पारडी सारखी कधीच निघत नाहीत,
ठोकणाऱ्याचा हात एका बाजूला जड पडतोच.
मग हलक्या अंगाला तारेने बांधायचा
एखादा खडा, शिशाचा तुकडा, भोकाचा जुना पैसा.
तो पासंग.
लागेल तेवढाच.
गव्हाच्या दाण्याएवढा जास्त झाला
की दुरुस्तीची लबाडी होते,
आणि गिऱ्हाइकाला कळतही नाही.

वजनमाप खात्याचे गांगुर्डे साहेब वर्षाला येतात,
पितळेवर शिक्का मारतात, पावती फाडतात.
मारा साहेब, म्हणतो मी.
किलो पंचवटीत किलो असावा, सिडकोतही किलो,
एवढ्यासाठी मी पैसे भरतो.
आनंदाने नाही,
पण भरतो.

त्याच आठवड्यात महापालिकेची गाडी आली
आणि मेहरूनबीचा तराजू उचलून घेऊन गेली.
बेदाणे रस्त्यावर. शिक्का अजून चकचकीत.
एका हाताने खरं ठरवलेलं
दुसऱ्या हाताने जप्त.

रस्ता तिच्या एकटीचा नाही, कबूल.
डोळ्यांनी अधू झालेले ओतूरकर मास्तर
तिच्या हातगाडीला तीनदा धडकले होते.
चौथ्यांदा नाही धडकले.
तिने चाकाला घुंगरू बांधलं, गाडी हातभर मागे घेतली,
मास्तरांनी काठी डावीकडून उजवीकडे घेतली.
कुठे ठराव झाला नाही, कुणी फीत कापली नाही.
मास्तर जाता जाता चार बेदाणे तोंडात टाकतात,
त्याचेही पैसे देतात. ती घेते.

मग सरकार नकोच का, असं मुलगा विचारतो.
कॉलेजात जातो, त्याला एक काय ते उत्तर हवं असतं.

गेल्या श्रावणात पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं.
रात्री अडीचला एक माणूस गुडघाभर पाण्यातून
गल्लीतलं दार न् दार बडवत गेला, उठा, उठा म्हणत.
त्याचं नाव मला माहीत नाही.
तोही सरकारच होता.
त्याला मी दार उघडलं.

पाणी ओसरल्यावर तोच खात्याचा कागद घेऊन आला.
घरात माणसं किती, खोल्या किती,
माळ्यावर कोण झोपतं.
माळ्यावर कोण झोपतं, हे पुराला लागत नाही.
दार अर्धं लोटून
मी उंबऱ्यातच उभा राहिलो.
त्यालाही ते समजलं असावं. तो रकाना कोराच राहिला.

आज मेहरूनबी गोदामातून तराजू सोडवून आली.
पाचशेची पावती, एक पारडं दबलेलं.
मी ठोकून सरळ केलं, खिळ्याला टांगलं.
दांडी एकीकडे कलली.
डबा धुंडाळून भोकाचा पैसा काढला, तार ओवली, बांधला.
आता दुसरीकडे कलली.

सोडला. कानस घेतली.
पैशावरच्या मुकुटावरून फिरवली, फुंकर मारली,
पुन्हा बांधला.
झालं का, म्हणाली ती, गिऱ्हाईक थांबलंय.

थांब जरा, म्हटलं.
अजून जड आहे.