भाड्याचे बूट

बूट एक नंबर मोठे मिळाले.
काउंटरवरचा माणूस म्हणाला, दोन मोजे घाला सर,
आणि मी घातले, शहाण्यासारखे,
नेग्रोस बेटावर, सकाळी सहाला,
शर्ट पाठीला चिकटलेला असताना.

मी इथे पंप विकायला आलोय.
साखर कारखान्याचे मिस्टर मागबानुआ म्हणाले होते,
करार कागदावर नंतर, आधी गवतावर.
पण रात्री त्यांचा बॉयलर बसला
आणि उरलो मी, अठरा भोकं,
आणि एक्केचाळीस नंबरची कॅडी.

नाव मर्लिंडा.
लांब बाह्या, तोंडाभोवती टॉवेल, टॉवेलवर टोपी,
उघडे फक्त डोळे.
पिशवी तिच्या खांद्यावर.
मी मागून मोकळा चालतो,
हातांचं काय करावं ते न कळून,
लग्नातल्या नवरदेवाच्या धाकट्या भावासारखा.

पहिला फटका मी जमिनीला मारला.
मातीसकट गवताचा तुकडा उडाला,
चेंडूपेक्षा लांब.
ती गेली, तुकडा उचलून आणला, जागेवर बसवला,
वर बाटलीतली वाळू शिंपडली,
जखमेत हळद भरावी तशी, आणि पायानं दाबली.
मग म्हणाली, हिनाय-हिनाय, सर.

हळूहळू.
म्हणजे तिच्या भाषेतही सावकाश जायचं
तर शब्दाला दोनदा चालावं लागतं.

चौथ्या भोकापाशी माडाखाली सावली होती.
मी टेकणार तोच तिनं बाही धरून ओढलं.
म्हटलं, आमच्याकडे म्हणतात नारळाला डोळे असतात,
तो बघून पडतो.
तिनं वर पाहिलं. वादळात शेंडा गेलेले तीन माड,
चौथा भरलेला.
म्हणाली, मागच्या वर्षी त्यानं एका कोरियन साहेबाची गाडी बघितली.

सातव्याला तळं.
तळं मला दिसलंच नसतं तर बरं झालं असतं.
पाच चेंडू. पाचही चेंडूंवर आमच्या कंपनीचं नाव,
वाटायला आणलेले, भेट म्हणून.
गळ्याएवढ्या पाण्यात एक पोरगा उभा, रेनान,
पायाच्या बोटांनी तळ चाचपत.
त्यानं त्यातले दोन मलाच विकले, वीस पेसोला एक.
घासाघीस मी केली नाही.
काठावर कुणा दुसऱ्याचा पंप चालला होता,
बेअरिंग गेलेलं, आवाजावरून कळत होतं,
आठवडा काढेल फार तर.
हे मी कुणालाही सांगितलं नाही.

ग्रीनवर ती उकिडवी बसते,
गवताकडे बघते, चेंडूकडे नाही.
गवत समुद्राकडे निजलंय, म्हणते,
दोन बोटं डावीकडून मारा.
मी मारतो. चेंडू उजवीकडे जातो, समुद्राकडेही नाही,
आपल्याच कुठल्यातरी कामाला.

नवरा बोटीवर आहे, सांगते.
ऑइलर. नऊ महिने बाहेर, दोन घरी.
इंडिया बघितलाय त्यानं, कांडला.
कसं आहे कांडला?
म्हटलं, मी कधी गेलो नाही.
ती थांबली. पहिल्यांदाच नीट बघितलं तिनं माझ्याकडे.
मग म्हणाली, नुसतं मीठ, तो सांगतो,
पांढरं, डोंगरच्या डोंगर,
आणि एका चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत.

शेवटी कार्ड काढून, पेन्सिल ओली करून:
तुमचा आकडा लिहू, का मिस्टर मागबानुआंना दाखवायचा?
मी विचार केला, खोटं बोलणार नाही, केला.
माझा लिही.
एकशे एकतीस.
तिनं लिहिला, स्वच्छ, आणि खाली रेघ मारली,
किराणा दुकानातल्या बेरजेखाली मारतात तशी.

संध्याकाळी मागबानुआ विचारतात, किती?
सांगतो. ते हसतात आणि सही करतात,
किंवा सही करतात आणि हसतात,
माझं लक्ष नाही.
दोन मोजे असूनही टाचेला फोड आलाय,
आणि मी त्या चहावाल्याचा विचार करतोय,
कांडल्यातल्या,
ज्याला बहुधा आता आठवतही नसेल.