टाच

आधी अनवाणी चालून बघ, म्हणाल्या मेधा काकिर्डे.
वय एकसष्ट, डाव्या मनगटात स्टीलची पट्टी.
डोळ्यांना सगळेच रस्ते गुळगुळीत दिसतात गं,
तळव्याला खरं कळतं.

मी विमा कंपनीत दावे तपासते.
दिवसभर लोकांची मोडलेली हाडं रुपयांत मांडते
आणि रविवारी पहाटे पाच वाजता
स्वतःच्या पायांना आठ चाकं बांधते.
घरी कुणाला हे पटत नाही. मलाही अधूनमधून.

आमची एक वही आहे, चौकटींची,
फैजानच्या धाकट्या भावाने गणित सोडल्यावर उरलेली.
तिच्यात पुणे आहे, पण चाकाच्या उंचीवरून पाहिलेलं.
नदीपात्रातल्या रस्त्यापुढे लिहिलंय: धरणातून पाणी सोडलं
की आठवडाभर नको, गाळाची साय धरते.
मॉडेल कॉलनीतल्या त्या सावलीच्या गल्लीत
उन्हाळ्यात पर्जन्यवृक्षाच्या शेंगा, गुळासारख्या चिकट.
औंधचा रुंद फुटपाथ म्हणजे लोणी,
फक्त दर वीस पावलांवर एक लोखंडी खांब,
गुडघ्याच्या बरोब्बर उंचीचा.
आणि पेव्हर ब्लॉक! त्याला वेगळं पानच नाही,
जिथे काही लिहिलेलं नाही तिथे पेव्हर ब्लॉक समजावा.

सहकारनगरात मी पडले.
डांबर तीनदा चढलं होतं, झाकण होतं तिथेच,
आमटी संपलेल्या वाटीसारखं खोल.
कोपर सोलवटलं.
दूधवाला थांबला, पिशवीतून बर्फ नाही, थंड दूध काढून दिलं,
लावा म्हणाला, आणि पैसे घेतले.

मग डिसेंबरात फैजानला तो रस्ता सापडला.
म्हाळुंग्याच्या पुढे, मॉलचा फलक मागे टाकून.
चोवीस मीटर रुंद, काळाभोर, बारीक खडीचा,
ना खांब, ना झाकण, ना रिक्षा.
पाऊण किलोमीटर आम्ही बोललोच नाही,
चाकांचा फक्त रेशीम फाडल्यासारखा आवाज,
आणि मेधाताई दोन्ही हात मागे बांधून, पुढे वाकून,
जणू एसटीच्या खिडकीतून काहीतरी शोधतायत.

रस्ता एकदम संपला.
ठाणातून कापड कापावं तसा सरळ,
आणि कापल्या रेघेपासून ज्वारी सुरू.
तिथे प्लास्टिकच्या खुर्चीत गेनूभाऊ पाडळे.

"सोळा वर्सं झाली केसला," ते म्हणाले.
"म्हनत्यात, जमीन द्या, रस्ता पलीकडं न्यायचाय.
म्या म्हनलं, आदी मागच्याचं पैसं द्या."
मग माझ्या पायांकडे बराच वेळ बघत राहिले.
"येला बिरेक?"
टाचेला, मी म्हटलं. उजव्या. टाच दाबायची.
ते हसले, खोकला येईपर्यंत हसले.
"मंग तुमचं-आमचं येकच की.
म्या बी टाच रवूनच हाय."

तेव्हापासून दर रविवारी आम्ही त्यांच्यासाठी
बेकरीतले नानकटाई नेतो,
आणि ते आम्हाला पुढची तारीख सांगतात.
तारीख पडली की फैजान मूठ हवेत उडवतो,
मेधाताई त्याला डोळ्यांनी दटावतात.
मीही दटावते. मग घरी येताना गाडीत
मनातल्या मनात त्यांच्या वकिलाला दीर्घायुष्य मागते.

एकदा इरावतीने, आमच्यात ती सर्वांत लहान,
विचारलंच: आजोबा, तुम्ही जिंकलात तर?
"तर रस्ता हितंच."
आणि हरलात तर?
गेनूभाऊंनी ज्वारीकडे पाहिलं.
"तर तुमाला लांब जायला मिळंल."
तिला ते आवडलं. दिवसभर डंपर धावतील
हे तिला कुणी सांगितलं नाही.

वहीत त्या जागेपुढे मी जागेचं नाव लिहिलेलं नाही.
खडी बारीक. उतार नाही. कुत्री दोन, ओळखीची.
सुरक्षित, असं लिहिलं होतं,
नंतर त्याच्यापुढे पेन्सिलीने:
अठरा मार्चपर्यंत.
ते खोडून दर वेळी नवी तारीख घालते.
कागद तिथे आता इतका पातळ झालाय
की पलीकडच्या पानावरचं कर्वेनगर दिसतं.