दुभाषी

स्क्रीनवर झाड आडवं वाढतंय,
मुळं डावीकडे, फांद्या उजवीकडे, पान एकही नाही.
ताळगावच्या पठारावर रात्रीचे साडेअकरा.
आगरवाड्याच्या मिठागरातून शाणूने काढून दिलेला
गुलाबी चिखल, त्यात राहणारा एक जीव,
त्याची वीस एन्झाइम मी शोधते आहे.
सापडली एकोणीस.

प्रथिन विणायचं तर मध्ये दुभाषी हवा.
एका हाताने आरएनएची खूण ओळखायची,
दुसऱ्या हाताने नेमकं अमिनो आम्ल तिला बांधायचं.
रायबोसोम काही तपासत नाही,
तो नुसता विश्वास ठेवतो.
दोन घराणी यांची. एक या अंगाने धरतं, एक त्या,
चेहऱ्यात काडीचं साम्य नाही,
धंदा तेवढा एक.

आम्हीही दुभाषीच, आडनावाने.
खापरपणजोबा पेडण्याच्या कचेरीत
कोंकणी आणि पोर्तुगीज यांच्या मधल्या उंबऱ्यावर उभे राहत.
एकदा एक विधवा म्हणाली, ‘दिना.’
यांना ऐकू आलं, ‘दिलां.’
शेत गेलं.
त्यानंतर मरेपर्यंत ते प्रत्येक शब्द
दोनदा विचारत. लोक नकला करत.

व्हॅलिन आणि आयसोल्युसिन, एका कार्बनाचा फरक.
म्हणून त्या एन्झाइमच्या पोटात आणखी एक कप्पा असतो,
चुकून बांधलं गेलेलं तिथे पुन्हा पाहिलं जातं, तोडलं जातं.
कितीशे कोटी वर्षांपूर्वी
कुणाचं काय गेल्यावर
पडला असेल तो कप्पा?

विसावं नाहीच, हे पहाटे कळलं.
ग्लुटामिनचा दुभाषी या मिठात कधी नव्हताच.
जवळपासचं ग्लुटामेट चढवतात
आणि वाटेतच त्याचं ग्लुटामिन करून घेतात.
चाललंय. अब्जावधी वर्षं चाललंय.
दूरच्या एका फांदीवर तो आहे, पण उसना,
दुसऱ्याच झाडावरून आलेला,
आमच्या घरातल्या ‘जनेला’सारखा.
परत मागायला कुणी येत नाही.

सकाळी शाणूचा फोन: चिखलात काय मेळ्ळें?
एन्झाइमला कोंकणी शब्द सुचेना,
मी हात हलवत राहिले, फोनवर, वेड्यासारखी.
तो म्हणाला, ‘म्हणटकच मदलो मनीस.’

काय म्हणालास?
परत एकदा सांग.