मुद्दा वेगळा

पर्वती पायथ्याच्या गॅरेजात
गोडांबे प्लग पुसत म्हणाले,
"चाळीस वर्षं विनाहेल्मेट फिरतोय.
झालं काही?"

मी म्हटलं, ज्यांना झालं
ते इथं सांगायला येत नाहीत, गोडांबे.
तुम्ही फक्त उरलेले मोजताय.

त्यांनी प्लग उजेडात धरला,
फुंकर मारली.
"आणि तुमचं कुठंय?"

डिकीत होतं.
मी नीट समजावलं: माझं डिकीत आहे
म्हणून तुमचं म्हणणं खरं ठरत नाही,
तो मुद्दा वेगळा.

"वेगळाच," ते म्हणाले.
गाडी पहिल्या किकला सुरू.

सारसबागेपर्यंत कानांना वारं लागत राहिलं.
तर्कात कुठंच खोट नव्हती.
सिग्नलला थांबलो,
तेव्हा टाळूवरून
उगाच एकदा हात फिरवला.